सांतियागोला जाताना: घर कोणते, महिने किती

पत्र: "मी साताऱ्याची निवृत्त शिक्षिका आहे. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवीत असे. वय ६२. आमचा मुलगा आणि सून स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी असतात; मुलगा तेथील विद्यापीठात दोन वर्षांच्या संशोधनासाठी गेला आहे. आम्ही दोघांनी तीन महिने राहायला यावे असा त्याचा आग्रह आहे. सध्याची जागा लहान असल्यामुळे तो घर बदलणार आहे. त्याला दोन खोल्यांची दोन घरे मिळत आहेत: एक जुन्या गावातल्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दुसरे नव्या भागात, लिफ्ट असलेले. मुलाला पहिले फार आवडले आहे. आमचे हे माळकरी आहेत, आषाढी वारी चुकवीत नाहीत, आणि तिकडच्या प्रसिद्ध पायी यात्रेचे शेवटचे शंभर किलोमीटर चालायचेच असे त्यांनी मनावर घेतले आहे. माझे गुडघे दुखतात. मी अंडे खाते, हे खात नाहीत. २०२७ हे तेथे पवित्र वर्ष आहे म्हणतात, तर या वर्षी न जाता तोवर थांबावे का? आणि एवढ्याशा गावात, भाषा येत नसताना, दोन खोल्यांत चौघांनी तीन महिने करायचे तरी काय?"

सादर नमस्कार.

तुमचे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून निर्णय आधी सांगते आणि कारणे मागाहून. जरूर जा. २०२७ साठी थांबू नका. तीन महिन्यांऐवजी आठ आठवडे ठरवा, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोहोचा आणि जून संपताना परत निघा. घर मात्र लिफ्टचेच घ्यायला सांगा, मुलाचा कितीही विरस झाला तरी.

पवित्र वर्षाचे गणित साधे आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब, ज्यांना स्पेनमध्ये सांतियागो म्हणतात, त्यांचा उत्सव २५ जुलैला असतो आणि ही तारीख ज्या वर्षी रविवारी येते ते वर्ष पवित्र मानले जाते. मागचे २०२१ चे होते, ते महासाथीमुळे २०२२ च्या अखेरपर्यंत लांबविले गेले. पुढचे २०२७ चे. त्या वर्षी कॅथेड्रलचे, म्हणजे तेथील मुख्य चर्चचे, किन्ताना चौकाच्या बाजूचे, एरवी बंद असणारे पवित्र द्वार उघडले जाते, आणि त्यातून प्रवेश करून ठरलेले विधी पार पाडणाऱ्या कॅथलिक भाविकाला पापाच्या शिक्षेतून सूट मिळते अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा तुमची नाही, त्यामुळे थांबून तुमच्या वाट्याला येईल ती फक्त गर्दी. साधारण एक लाख वस्तीचे हे शहर, आणि २०२४ मध्ये, म्हणजे पवित्र नसलेल्या वर्षी, यात्रा पूर्ण करून कार्यालयात नोंद करणाऱ्यांचाच आकडा पाच लाखांच्या आसपास गेला होता. बसने आणि विमानाने येणारे पर्यटक त्यात धरलेले नाहीत. गावकऱ्यांना ही दाटी आताच जड होऊ लागली आहे, ती २०२७ मध्ये कुठे जाईल याचा अंदाज तुम्हीच करा.

महिन्यांविषयी तुमच्या घरात आणखी एक अडचण आहे, जी पत्रात आलेली नाही. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक महिन्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला येते, म्हणजे नेमकी सांतियागोच्या उत्सवाच्या दिवशी. यजमान वारी चुकवीत नसतील, तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पालख्या निघण्याआधी त्यांना परत यायला हवे आणि प्रवासाचा शीण जायला चार दिवस हाताशी हवेत. म्हणून जूनअखेर. त्यात तोटा काही नाही. गालिसिया हा स्पेनचा वायव्य कोपरा अटलांटिकच्या काठावर आहे आणि तेथे पावसाचा मुख्य जोर शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत असतो. मे-जूनमध्ये सर येते, थांबते, पुन्हा येते, पण दिवसेंदिवस कोंडून घालीत नाही. जून महिन्यात रात्री दहा वाजता सूर्य मावळतो. उलट सकाळी उजाडायला मात्र सात वाजतात, कारण हा प्रदेश पोर्तुगालच्या उत्तरेला असूनही घड्याळ मध्य युरोपचे पाळतो. यजमानांना काकड्याच्या वेळी उठण्याची सवय असेल तर त्यांनी पहिले काही दिवस अंधाराशी जुळवून घ्यावे आणि शेजारी झोपलेले आहेत हे लक्षात ठेवावे.

आता घर. मुलाला जुने गाव का आवडले असेल हे मला पुरते समजते. रुआ दो विलार आणि रुआ नोवा या रस्त्यांच्या कडेने दगडी खांबांचे छप्पर असलेले पदपथ आहेत, पावसात छत्री न उघडता अर्धे गाव ओलांडता येते, आणि रात्री ओल्या ग्रॅनाइटवर दिव्यांचा उजेड पडला की कोणालाही येथेच राहावेसे वाटते. पण त्या तिसऱ्या मजल्यावर रोज चढणाऱ्याने काही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. या इमारतींचे जिने लाकडी, अरुंद आणि उभे असतात. जुने गाव १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे मालकाच्या मनात असले तरी लिफ्ट बसविणे सोपे नाही. जाड दगडी भिंती पावसाळी हवा धरून ठेवतात; कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते आणि हवेतला दमटपणा ओढून घेणारे यंत्र दिवसभर गुरगुरत ठेवावे लागते. बऱ्याच गल्ल्यांत दिवसभर गाड्यांना मज्जाव असल्यामुळे टॅक्सी दारापर्यंत येत नाही. पहाटे विमान गाठायला निघालेले पाहुणे चाकांच्या बॅगा फरशांवरून ओढीत नेतात आणि अरुंद गल्लीत तो खडखडाट थेट तिसऱ्या मजल्यावर येतो. त्यात गुरुवारची रात्र विद्यार्थ्यांची असते, कारण शुक्रवारी बरेचजण आपापल्या गावी जातात. विद्यापीठ १४९५ पासूनचे आहे. तेव्हा ही परंपराही जुनीच असावी.

आणखी एक गोष्ट आहे, जी घर पाहायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दिसत नाही. जुन्या गावातले कायमचे रहिवासी कमी होत गेले आहेत. जेथे किराणा, खिळे-मोळे, लोकर असे काही मिळे, तेथे आता शिंपल्यांच्या माळा, चुंबके आणि बदामाचा केक मिळतो. नगरपालिकेने पर्यटकांना घरे देण्यावर निर्बंध आणले आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांच्या मुक्कामावर लहानसा करही सुरू केला आहे, पण गेलेले शेजारी अशाने लगेच परत येत नाहीत. तुमचा मुलगा आणि सून तेथे पाच-दहा वर्षे राहणार असते, तर मी उलट म्हटले असते की जुन्या गावातच राहा, त्या गल्ल्यांना राहणारी माणसे हवी आहेत. दोन वर्षांसाठी, आणि त्यातही दुखऱ्या गुडघ्यांच्या आईला बोलवायचे असताना, हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

नवा भाग, ज्याला तेथे एन्सान्चे म्हणतात, गालिसिया चौकाच्या खालच्या अंगाला आहे. इमारती साठ-सत्तरच्या दशकातल्या, दिसायला सुमार. पण जुन्या गावात चालत दहा मिनिटांत पोहोचता येते, आणि खाली उतरल्याबरोबर बेकरी, औषधांचे दुकान, भाजी, बसायला बाके आणि त्या बाकांवर तुमच्या वयाच्या बायका असतात. करार करताना मुलाने दोन गोष्टी विचाराव्यात. सांतियागोतील पुष्कळ घरमालक शैक्षणिक वर्षापुरता, म्हणजे सप्टेंबर ते जून, करार करतात आणि उन्हाळ्यात घर रिकामे मागतात. हा करार पूर्ण वर्षाचा आहे का? आणि त्या पत्त्यावर नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करण्यास मालकाची हरकत नाही ना? या दुसऱ्या प्रश्नाचा तुमच्या व्हिसाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

खाण्याची चिंता तुम्हाला वाटते त्यापेक्षा घरात कमी आणि बाहेर जास्त आहे. घरात स्वयंपाक सुखाने होईल. मसूर, हरभरे, तांदूळ, कणकेच्या जवळचे पीठ कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळते. तूरडाळ, गोडा मसाला, मेतकूट, हिंग बरोबर न्या. कुकर नेणार असाल तर चूल काचेच्या पृष्ठभागाची साधी विजेची आहे की इंडक्शन, हे आधी विचारून घ्या, कारण इंडक्शनवर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. मात्र कंदी पेढे नेऊ नका. साताऱ्याहून जाताना हा मोह होणारच, पण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दूध वा मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. पेढे, खवा, तूप हे सारे त्यात येते आणि सापडले तर विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही राहू द्या. तुपाचे मात्र अडणार नाही. स्पेनच्या दुधाचा मोठा वाटा गालिसियातून येतो, तेथील लोणी उत्तम असते आणि ते कढविले की तुमच्या हातचे तूप तयार.

बाहेरचे जेवण ही यजमानांची परीक्षा आहे. ऑक्टोपस, शिंपले, हॅम यांच्या भोवती हा सारा प्रदेश जेवतो. 'मांस नको' एवढेच सांगितले तर ताटात ट्यूना येतो, कारण मासा म्हणजे मांस नव्हे असे वाढणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन', म्हणजे मांस नको, मासा नको आणि हॅमही नको, हे तीन नकार एका दमात म्हणायला शिका. काल्दो गालेगो नावाचे पालेभाजी-बटाट्याचे सार दिसायला अगदी शाकाहारी असते, पण त्याचा वास आणि चव खारविलेल्या डुकराच्या चरबीतून येते. एम्पानादा या भरलेल्या पोळीचेही तसेच. सांतियागोचा प्रसिद्ध केक बदाम, साखर आणि अंड्यांचा असतो, पीठ त्यात नसते. तो तुम्ही खा, यजमानांनी पाहावा. दोघांनाही चालेल असा पदार्थ म्हणजे पाद्रोनच्या मिरच्या: बोटाएवढ्या हिरव्या, तेलात परतलेल्या, वर जाडे मीठ. त्यातली एखादी अवचित तिखट निघते आणि शेजारच्या टेबलावरचा स्पॅनिश माणूस पाणी मागतो. तुम्हाला त्या तिखटाचे काही वाटणार नाही.

भाजीसाठी मेर्कादो दे अबास्तोस या बाजारात जा, सुपरमार्केटमध्ये नको. सकाळचाच असतो, रविवारी बंद. आतल्या दगडी दालनांत मासळी आणि मांस आहे, त्या बाजूला यजमानांना नेण्याचे कारण नाही. पण बाहेरच्या अंगाला आसपासच्या खेड्यांतल्या बायका आपल्या परसातले घेऊन बसतात. चार जुड्या पालेभाजी, टोपलीभर बटाटे, थोडी अंडी, एखादे स्तनाच्या आकाराचे तेतिया चीज. या बायका बहुधा गालेगो बोलतात. ही पोर्तुगीजला जवळची, त्या प्रदेशाची स्वतःची भाषा आहे. रस्त्यांच्या पाट्या, नगरपालिकेचे कागद, शाळा सगळीकडे ती स्पॅनिशच्या बरोबरीने असते. इंग्रजी तेथे कामाची नाही. सकाळी 'बोस दीआस' आणि पैसे देताना 'ग्रासिन्यास' एवढे म्हटलेत तरी दुसऱ्या आठवड्यात ती बाई तुमच्यासाठी कोवळी जुडी बाजूला काढून ठेवील.

यजमानांच्या चालण्याविषयी. पायांची काळजी मला वाटत नाही. आळंदीहून पंढरपूर गाठणाऱ्या माणसाला सार्रियापासूनचे सुमारे ११५ किलोमीटर अवघड नाहीत. अडचण निराळीच आहे. वारीत दिंडी असते, ट्रक सामान नेतो, मुक्कामाला पोहोचेपर्यंत पिठले-भाकरी तयार असते आणि तोंडी अभंग असतो. तेथे यातले काहीच नाही. जो तो आपापला चालतो, पुष्कळसा गप्प, आणि संध्याकाळी स्वतःची खाट स्वतः शोधतो. सरकारी धर्मशाळा स्वस्त आहेत, रात्रीचे दहा युरोच्या आसपास, पण आधी जागा राखता येत नाही आणि त्यांतल्या कित्येकांचे स्वयंपाकघर चकचकीत असूनही भांडे एकही नसते. म्हणून खाजगी मुक्काम आधी ठरवावेत, एक लहान पातेले आणि मुगाची डाळ-तांदूळ बरोबर असावे, आणि जड पिशवी रोज पुढच्या मुक्कामी पाठवावी. ही सोय टपाल खातेही थोड्या पैशांत करते. पाच दिवसांत संपविणारे आहेत, तुम्ही सात दिवस धरा. पोर्तोमारीन, पालास दे रेई, मेलिदे, आर्सुआ, ओ पेद्रोउसो अशी गावे लागतील. मेलिदे हे ऑक्टोपससाठी गाजलेले आहे. तेथे मुक्काम न करता पुढे सरकणे बरे.

रस्ता चुकण्याची भीती नाही. पिवळे बाण जागोजागी आहेत. ऐंशीच्या दशकात याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी रंगाचा डबा घेऊन ते काढायला सुरुवात केली आणि पुढे तीच सगळ्या यात्रेची खूण झाली. गालिसियात त्यांच्या जोडीला दगडी खांब आहेत, ज्यांवर राहिलेले अंतर किलोमीटरच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत लिहिलेले असते, हा काटेकोरपणा कोणाच्या उपयोगाचा आहे ते देव जाणे. यात्रेची वही आधी घ्यावी आणि तिच्यावर रोज दोन शिक्के घ्यावेत. चर्च, धर्मशाळा, कॉफीचे दुकान, कोणीही देतो. शेवटी रुआ दास कारेतास या रस्त्यावरच्या कार्यालयात ती वही दाखविली की लॅटिनमधले प्रमाणपत्र मिळते. ते धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतूने चाललेल्यांसाठी असते. यजमानांनी जे खरे आहे तेच सांगावे. वारकऱ्याला आध्यात्मिक हेतू सांगताना अडखळायचे कारण नाही. निव्वळ फिरण्यासाठी आलेल्यांना वेगळे प्रमाणपत्र देतात.

त्यांच्याबरोबर मुलाला पाठवा. सात दिवसांची रजा त्याला मिळेल, आणि बापलेकांना एवढा वेळ एकत्र पुन्हा केव्हा मिळणार? तुम्ही शेवटच्या दिवशी सकाळी मोंते दो गोसो या टेकडीपर्यंत बसने किंवा टॅक्सीने जा. यात्रेकरूंना कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात ते येथून. तेथून गावापर्यंत पाच किलोमीटरच्या आत अंतर आहे, उतरणीचे आणि नंतर शहरी रस्त्याचे. गुडघ्यांना पट्टा बांधून, काठी घेऊन, मध्ये दोनदा बसून तुम्हीही ते चालू शकाल. रबरी तळाचे बूट घाला. पावसात त्या ग्रॅनाइटच्या फरशा कमालीच्या निसरड्या होतात.

कॅथेड्रल मात्र त्या दिवशी पाहू नका. त्या दिवशी त्याच्या समोरच्या ओब्रादोइरो चौकात बसून येणारी माणसे पाहा. कॅथेड्रलसाठी एखाद्या साध्या दिवसाची लवकरची सकाळ ठेवा, कारण इतिहासाच्या शिक्षिकेला तेथे वेळ लागणार आहे. सध्याच्या वास्तूचे काम १०७५ मध्ये सुरू झाले; दर्शनी भाग, जो सगळ्या छायाचित्रांत असतो, तो अठराव्या शतकातला आहे आणि त्याच्या आत झाकला गेलेला जुना दरवाजा, पोर्तिको दे ला ग्लोरिया, हा माएस्त्रो मातेओ यांचा, ११८८ सालची नोंद असलेला. त्याला वेगळे तिकीट आहे. २०१८ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारानंतर दगडी मूर्तींवरचे जुने रंग पुन्हा दिसू लागले आहेत. दानिएल नावाच्या प्रेषिताची मूर्ती चक्क हसते आहे, ती शोधा. दरवाजाच्या मागे गुडघे टेकून बसलेली एक लहान मूर्ती खुद्द मातेओंची मानली जाते. परीक्षेच्या आधी विद्यार्थी तिच्या डोक्यावर डोके आपटीत, म्हणजे हुशारी येते. दगड झिजू लागल्यावर ते बंद केले.

इतिहास येथे एका बाजूचा नाही. दक्षिण स्पेनमधील मुस्लिम राज्याची राजधानी कोर्दोबा, तेथील अल्मन्सूर या सत्ताधाऱ्याने ९९७ मध्ये हे गाव लुटले आणि घंटा दक्षिणेला नेल्या. १२३६ मध्ये कोर्दोबा ख्रिस्ती राजाच्या हाती पडल्यावर त्या परत आल्या. कॅथेड्रलमध्ये घोड्यावर बसून मुसलमानांना तुडविणाऱ्या सांतियागोचीही मूर्ती आहे, आणि हल्ली तिच्या पायाखालची माणसे फुलांनी झाकलेली असतात. ज्यांच्यासाठी हे सारे उभे राहिले ते याकोबांचे मानले जाणारे अवशेष तर १५८९ मध्ये इंग्रज आरमाराच्या भीतीने दडविले गेले आणि १८७९ च्या उत्खननापर्यंत नेमके कुठे होते हेच कोणाला सांगता येत नव्हते. तरीही मधल्या तीनशे वर्षांत यात्रेकरू येतच होते. हे वाचून तुम्ही खडू हातात घ्याल याची मला खात्री आहे.

आत जाण्याला कोणाची आडकाठी नाही. दुपारी बाराच्या प्रार्थनेला बसा, फक्त प्रसादासाठी लागणाऱ्या रांगेत उभे राहू नका, तो त्या धर्माची दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो. मोठी धूपदाणी, बोताफुमेइरो, ५३ किलोंची, आठ माणसे दोर ओढून छतापर्यंत झुलवितात. ती रोज हलत नाही. ठरलेल्या सणांना, किंवा एखाद्या गटाने देणगी दिली तरच. ती दिसली तर भाग्य, नाही दिसली तर रुसू नका.

आठ आठवड्यांत करायचे काय, हा प्रश्न तिसऱ्या आठवड्यानंतर तुम्हाला पडणार नाही असे मला वाटते. बोनावालला जा. जुन्या मठात गालिसियाच्या लोकजीवनाचे संग्रहालय आहे: होड्या, माग, नांगर, लोहाराची भट्टी. तेथला तिहेरी दगडी जिना एकमेकांत गुंफून वर जातो; खालूनच बघा, चढण्याचे कारण नाही. शेजारच्या चर्चमध्ये रोसालिया दे कास्त्रो यांची समाधी आहे. गालेगो ही घरात आणि शेतात बोलायची, छापायची नव्हे अशी समजूत असताना त्यांनी १८६३ मध्ये त्या भाषेत कवितासंग्रह काढला. त्याची आठवण म्हणून १७ मे हा गालेगो साहित्याचा दिवस पाळला जातो आणि तुम्ही तेव्हा तेथे असाल. मठामागची जुनी दफनभूमी आता उतरती बाग आहे, लोक तेथे पुस्तक घेऊन पडलेले असतात. अलामेदा बागेत दोन बहिणींचे रंगीत पुतळे दिसतील, मारुशा आणि कोरालिया फान्दिन्यो. त्यांचे भाऊ अराजकवादी चळवळीत होते म्हणून हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत पोलिसांनी त्या घराचा छळ केला, काम मिळेनासे झाले. पुढे या दोघी रोज दुपारी दोनच्या ठोक्याला तोंड रंगवून, भडक कपडे घालून गावातून फिरत आणि विद्यार्थ्यांची थट्टा करीत. आज त्यांच्या हातात हात घालून लोक छायाचित्रे काढतात. तेव्हा किती जणांनी त्यांना उधारीवर किराणा दिला, हे विचारण्यासारखे आहे.

२३ जूनच्या रात्री सान शोआनच्या, म्हणजे संत योहानांच्या उत्सवाच्या, होळ्या पेटतात. त्याच्या आदल्या दोन दिवसांत बाजारातल्या बायका औषधी पाल्याच्या जुड्या विकतात. तो पाला रात्रभर पाण्यात भिजवून बाहेर ठेवायचा आणि सकाळी त्या पाण्याने तोंड धुवायचे. एक जुडी आणाच. गावाबाहेर जायचे तर रेल्वेने आ कोरुन्या अर्ध्या तासावर आहे आणि तेथे रोमन काळापासूनचा दीपस्तंभ अजून उभा आहे. स्टेशनवरून परतताना मात्र चढ आहे, तेव्हा बस घ्या.

आता दोन खोल्या आणि चार माणसे. तुम्ही हे शेवटी, चाचरत लिहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगते: तीन महिने जास्त होतील, आणि सुनेला ते आधीच ठाऊक असेल, ती बोलणार नाही. आठ आठवड्यांत एक आठवडा बापलेक चालत असतील. उरलेल्या दिवसांत सकाळचा बाजार तुमचा ठेवा, त्यात तिला ओढू नका. स्वयंपाकघर एक दिवसाआड तिचे असू द्या. दुपारी दोन ते पाच बरीच लहान दुकाने बंद असतात आणि गाव जेवून विसावते, तेव्हा तुम्ही विसावा घ्या. संध्याकाळी सहानंतर दोघे बाहेर पडा आणि नऊच्या आत परतण्याची घाई करू नका, तेथे ती जेवायची वेळ आहे. घरातल्यांना तेवढी मोकळी संध्याकाळ मिळेल.

कागदपत्रांना आजच लागा. मुलाच्या घरी राहणार असल्यामुळे त्याला तेथील राष्ट्रीय पोलिसांकडून 'कार्ता दे इन्व्हितासिओन' नावाचे निमंत्रणपत्र काढावे लागेल. त्यासाठी भाडेकरार आणि त्या पत्त्यावरची रहिवासी नोंद मागतात आणि काही आठवडे सहज जातात. म्हणून घराचा निर्णय लांबवू नका. मूळ पत्र कुरियरने तुमच्या हाती आले की मुंबईला व्हिसाचा अर्ज करा; प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो घेतात आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, गुडघ्यांचे जुने दुखणे त्यात धरले आहे का ते वाचून घ्या. रोजच्या गोळ्या आठ आठवड्यांना पुरून उरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तेथे कोणाला कळत नाहीत. छत्री येथून नेऊ नका, वाऱ्यात ती उलटी होते. टोपीचा रेनकोट न्या. विमानाची तिकिटे व्हिसा हातात पडल्यावर पक्की करा, आणि परतीची तारीख पालखीच्या प्रस्थानाच्या आधी किमान आठवडाभर ठेवा.